खारा वारा आणि अ‍ॅल्युमिनियमचे कवच

चिंचणीसारख्या किनाऱ्यावरील गावी, जेथे अरबी समुद्रावरून येणारा वारा मीठ घेऊनच घरात शिरतो, तेथे लोखंडी गजांना गंज चढल्याचे कोणास नवल वाटत नाही. परंतु ज्या अ‍ॅल्युमिनियमला न गंजणारा धातू समजून आपण सरकत्या खिडक्यांत निर्धास्तपणे बसवितो, त्यावरही पांढरी भुकटी व बारीक खड्डे दिसू लागले, म्हणजे त्याची मीमांसा करणे अगत्याचे ठरते.

पोलादाच्या सुमारे एकतृतीयांश वजनाचा हा धातू हवा लागताच ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर धारण करतो, आणि लोखंडाच्या गंजाप्रमाणे पापुद्रे न सुटता हा थर अंगाला घट्ट चिकटून राहत असल्यामुळे तोच आतील धातूचे संरक्षण करतो. मिठातील क्लोराइड मात्र त्याला जागोजागी भेदते. यास्तव तोच नैसर्गिक थर विद्युतशक्तीने कित्येक पटींनी जाड करण्याची तजवीज १९२३ साली ब्रिटनमध्ये, समुद्रावर उतरणाऱ्या विमानांच्या भागांसाठी प्रथम झाली. हेच अ‍ॅनोडायझिंग होय.

आज बहुधा सौम्य गंधकाम्लात वस्तू बुडवून, तिला धनाग्र करून विद्युतप्रवाह सोडतात. त्यायोगे उपजलेल्या थरात असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. रंग द्यावयाचा असल्यास तो त्यांतच मुरतो, आणि शेवटी उकळत्या पाण्यात ती छिद्रे मिटवावी लागतात. ही अखेरची पायरी उरकून टाकली, तर वरून देखण्या दिसणाऱ्या चौकटीतही खारटपणा शिरावयास वाट राहते.

ग्राहक रंगाची चौकशी करतो, जाडीची करीत नाही. वास्तविक घरातील वस्तूस ५ ते १० मायक्रॉनचा थर पुरत असला, तरी समुद्रकाठी २० ते २५ मायक्रॉनचा आग्रह धरणे इष्ट. प्रक्रियेनंतर कापलेली टोके व पाडलेली भोके उघडीच राहतात, पितळी स्क्रूच्या सान्निध्यात खाऱ्या ओलाव्याने अ‍ॅल्युमिनियमच झिजते, आणि ओल्या सिमेंटचा क्षार हे कवच खातो. म्हणून कापणी आधी करणे, स्क्रू स्टेनलेस पोलादाचे घेऊन त्यांखाली प्लास्टिकचा वॉशर घालणे, आणि बांधकाम चालू असता चौकट झाकणे, एवढा बंदोबस्त हवाच. किनाऱ्यावर घर बांधणाऱ्याने थराची जाडी व छिद्रे मिटविल्याची खातरी कारागिराकडून लेखी घ्यावी आणि पुढे गोड्या पाण्याने चौकटी वेळोवेळी धुवाव्यात; कारण येथे धातूचे आयुष्य त्याच्या जातीवर जितके, तितकेच या दक्षतेवर अवलंबून आहे.