संशयाचा फायदा कोणाला? : क्लोरीनविषयक वादाचे स्वरूप

न्यायदर्शनाने सांगितलेल्या सोळा पदार्थांत संशयाची गणना होते; कारण संशयावाचून अन्वेषणाची प्रवृत्तीच संभवत नाही. न्यायालयात मात्र संशयाने प्रकरण संपते आणि त्याचा फायदा आरोपीला मिळतो. एखाद्या रासायनिक द्रव्याविषयीचे ज्ञान अपुरे असेल, तर त्यालाही हा फायदा द्यावा काय? उत्तर अमेरिकेतील महासरोवरांच्या संदर्भात १९९० नंतर उद्भवलेला क्लोरीनचा वाद मूलतः याच प्रश्नाभोवती फिरत होता.

मिठाच्या द्रावणातून विद्युत्प्रवाह सोडला असता क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा ही दोन्ही एकाच वेळी निर्माण होतात. म्हणून एकाचे उत्पादन थांबविणे म्हणजे दुसऱ्यालाही हात घालणे होय. प्लॅस्टिक, द्रावके, कीटकनाशके आणि कागदाचे विरंजन यांसाठी क्लोरीन वापरला गेला. कार्बनशी जोडलेली त्याची कित्येक संयुगे दीर्घकाळ टिकतात, चरबीत साठतात आणि माशांकडून पक्ष्यांकडे व माणसांकडे जाताना त्यांचे प्रमाण वाढत जाते. तथापि, १९०८ साली जर्सी सिटीच्या पाणीपुरवठ्यात नियमितपणे वापरला जाऊ लागलेला क्लोरीन विषमज्वर व पटकी यांच्या निवारणाचे प्रमुख साधन ठरला, हेही विसरता येत नाही.

महासरोवरांच्या परिसरात पाणकावळ्यांची काही पिले वाकड्या चोची घेऊन जन्मास येत होती. मिशिगन सरोवरातील मासे खाणाऱ्या मातांच्या मुलांच्या अभ्यासात गर्भावस्थेतील संसर्ग आणि पुढील बौद्धिक उणीव यांचा संबंध आढळला. परंतु पाण्यात अनेक संयुगांचे मिश्रण असल्याने अमुक अपाय अमुकाचाच, असे सांगणे दुष्कर होते. अमेरिका व कॅनडा यांच्या १९०९ च्या तहान्वये स्थापन झालेल्या संयुक्त आयोगाने १९९२ साली वेगळी दिशा घेतली. एकेका संयुगाची शाबिती होईपर्यंत थांबण्याऐवजी पुराव्याचे एकूण वजन पाहावे, आणि कच्चा माल म्हणून होणारा क्लोरीनचा औद्योगिक वापर उद्योगांशी विचारविनिमय करून कालबद्ध रीतीने संपवावा, अशी शिफारस त्याने केली.

आक्षेप तात्काळ आला. 'क्लोरीनयुक्त' हे विशेषण डायॉक्सिनलाही लागते आणि निरुपद्रवी औषधालाही. तेव्हा संपूर्ण वर्गास दोषी ठरविणे अन्याय्य होय, असे उद्योगांचे म्हणणे. हा आक्षेप निराधार नव्हता. पण हजारो संयुगांची एकेक करून चौकशी करावयाची, तर तोवर मासे व माणसे यांच्यावरच प्रयोग चालू राहणार. विलंब हाही एक निर्णयच असतो. त्याची किंमत मात्र निर्णय घेणाऱ्यांना क्वचितच द्यावी लागते.

सरसकट बंदी कोणत्याही सरकारने स्वीकारली नाही. पण वाद निष्फळ गेला असे म्हणता येणार नाही. १९९८ च्या अमेरिकी नियमांनी कागदाच्या लगद्याच्या विरंजनात मूलद्रव्यरूप क्लोरीनऐवजी क्लोरीन डायॉक्साइडचा मार्ग घेतला. २००१ च्या स्टॉकहोम करारातील पहिली बाराही द्रव्ये क्लोरीनयुक्त होती. त्यांची नावे स्वतंत्रपणे नोंदविली गेली, आणि रोगवाहक कीटकांच्या नियंत्रणापुरती डीडीटीला मुभा राहिली. नव्या द्रव्याचा प्रस्ताव केवळ पूर्ण वैज्ञानिक निश्चितीच्या अभावी अडवू नये, असेही त्यात म्हटले आहे.

या तडजोडीत एक विवेक दिसतो. संशय वर्गावर घ्यावा. निर्णय मात्र वापरागणिक करावा. जेथे पर्याय उपलब्ध आहे आणि अपाय पिढ्यान्‌पिढ्या टिकणारा आहे, तेथे शाबितीचा भार वापरणाऱ्यावर असावा. जेथे क्लोरीन काढून घेतल्यास पटकीच परत येण्याचे भय आहे, तेथे तो बंदी मागणाऱ्यावर असावा. संशयाचा फायदा द्रव्यांना द्यावयाचा नसतो. तो त्या पाण्यावर जगणाऱ्या जीवांचा हक्क आहे.