रिकाम्या डब्यातील विष : मोनोक्रोटोफॉस

शाळेतील आहाराचे तेल कोणत्या डब्यातून आले, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. त्याचे मोल किती आहे हे दि. 16 जुलै 2013 रोजी बिहारमधील सारण जिल्ह्यात कळून आले. धर्मासती गंडामन ह्या खेड्यातील प्राथमिक शाळेत त्या दिवशी दुपारचे जेवण जेवलेली 23 मुले मृत्यू पावली. प्रयोगशाळेच्या तपासणीत तेलात व शिजलेल्या अन्नात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. पूर्वी हे औषध असलेल्या भांड्यात तेल ठेवले गेले असावे, असे त्या वेळी सांगण्यात आले. जेवणाची चव निराळी लागते, अशी तक्रार काही मुलांनी केली होती, हेही वृत्तांतांत नमूद आहे.

ज्या द्रव्यामुळे हे घडले, त्याचे गुणधर्म शिक्षकांस ठाऊक असावयास हवेत. कारण कापूस पिकविणाऱ्या बहुतेक गावांत ते वर्षानुवर्षे घरोघर वापरले गेले आहे.

मोनोक्रोटोफॉस हे फॉस्फरसयुक्त सेंद्रिय संयुग होय. येथे एक खुलासा अवश्य करावा. ‘सेंद्रिय शेती’ ह्या शब्दप्रयोगामुळे सेंद्रिय म्हणजे निरुपद्रवी, असा समज विद्यार्थ्यांत रूढ होऊ लागला आहे. रसायनशास्त्रात मात्र सेंद्रिय म्हणजे कार्बनची संयुगे, एवढाच अर्थ. साखर सेंद्रिय आहे आणि हे विषही सेंद्रियच आहे.

शुद्ध स्वरूपात ह्याचे स्फटिक रंगहीन असतात. कारखान्यात तयार होणारा माल तांबूस-तपकिरी असतो. 1965 च्या सुमारास ते बाजारात आले. आपल्याकडे ते मुख्यतः 36 टक्के द्रावणाच्या रूपाने विकले गेले. ते पाण्यात सहज मिसळते, आणि ह्याच गुणामुळे ते शेतकऱ्यास सोयीचे वाटले. पानांवाटे ते झाडाच्या रसात शिरते व रस शोषणारे मावा, तुडतुडे मरतात. अशा औषधास आंतरप्रवाही म्हणतात. परंतु जे किड्याच्या पोटात गेले, ते किडा खाणाऱ्याच्याही पोटात जाते. अर्जेंटिनाच्या गवताळ प्रदेशात 1995-96 च्या हंगामात टोळांवर हे औषध फवारले गेले, तेव्हा ते टोळ खाऊन हजारो शिकारी पक्षी मेले.

शरीरात हे विष काय करते, ते पाटाच्या पाण्याच्या दृष्टांताने मुलांस समजावता येईल. मज्जातंतूच्या टोकाशी अॅसिटिलकोलीन नावाचे द्रव्य स्रवते व त्याच्या इशाऱ्याने स्नायू आणि ग्रंथी आपले काम करतात. काम होताच कोलिनेस्टरेज नावाचे विकर त्या द्रव्याचे विघटन करते. हे विकर म्हणजे दारे धरणारा गडी होय. वाफा भरला की तो पाणी तोडतो. मोनोक्रोटोफॉस ह्या गड्याचेच हात बांधून टाकते. मग पाणी वाहतच राहते. तोंडास लाळ सुटते, डोळ्यांतून पाणी वाहते, घाम येतो, उलट्या व जुलाब होतात, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक होतात, स्नायू फडफडू लागतात. आणि अखेर श्वास घेण्याची शक्ती संपते. हीच लक्षणे एकाच पंगतीतील चार-सहा मुलांत दिसली, तर ‘उन्हाने झाले असेल’ असे म्हणून थांबू नये.

ह्या विषाचे प्रमाण किती पुरे होते, ते पाहण्यासाठी शतमानाचे एक उदाहरण सोडवू. 36 टक्के द्रावणाच्या एका मिलीलीटरमध्ये सुमारे 360 मिलिग्रॅम विष असते. प्रयोगातील उंदरांपैकी निम्मे मरावेत यासाठी दर किलो वजनास सुमारे 14 ते 18 मिलिग्रॅम पुरते. हेच मान 20 किलो वजनाच्या मुलास लावले, तर 280 ते 360 मिलिग्रॅम होतात. म्हणजे एक मिलीलीटर, चहाच्या चमच्याचा पाचवा हिस्सा! उंदरांवरील आकडे माणसास तंतोतंत लागू पडत नाहीत, आणि ह्याहून कमी मात्राही घातक ठरू शकते. परंतु डब्याच्या झाकणाच्या आट्यांत, मुठीच्या पोकळीत किंवा तळाशी एवढा द्रव सहज राहतो. पाण्यात विरघळते म्हणून विसळले की गेले, असे गृहीत धरणे हीच खरी चूक आहे. ते शिजविल्यानेही नाहीसे होईल असे मानू नये. सारण येथील अन्न शिजविलेलेच होते.

हे विष कातडीतूनही शरीरात शिरते. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी व मजूर विषबाधेने आजारी पडले आणि वीसाहून अधिक दगावले. तेथे अनेक कीटकनाशके वापरात होती व त्यांत मोनोक्रोटोफॉसही होते. म्हणून फवारणीच्या दिवसांत वरच्या वर्गातील मुले शाळा बुडवून पंप पाठीवर घेत असतील, तर पालकांची भेट घेणे शिक्षकाने आपले कामच समजावे.

भाजीपाल्यावर हे औषध वापरण्यास 2005 पासून मनाई आहे, आणि 2023 साली केंद्र सरकारने 36 टक्के द्रावणासंबंधीही बंदीचा आदेश काढला. तथापि कागदावर बंद झालेले औषध माळ्यावरून आपोआप उतरत नाही. जुन्या बाटल्या, आणि त्याहून अधिक जुने रिकामे डबे, घरांत राहतात. त्यांत रॉकेल, तेल, कधी पिण्याचे पाणीही भरले जाते. डब्यावरील चौकोनात कवटी व हाडे आणि खालच्या त्रिकोणात तांबडा रंग असेल, तर ते अत्यंत विषारी होय, हे पहिलीच्या मुलासही ओळखता येते. मात्र चिठ्ठी गळून पडलेल्या डब्याची ओळख कोणासच पटत नाही. म्हणून शाळेत तेल मूळ बंद पिशवीतून किंवा डब्यातूनच घ्यावे. सुटे तेल कोणी कितीही आपुलकीने आणून दिले तरी परत करावे. वाढण्यापूर्वी शिक्षकाने चव घेण्याची पद्धत चांगली आहे, पण चव हा विषाचा भरवशाचा साक्षीदार नव्हे. स्वयंपाकीण बाईंनी तेलाच्या वासाविषयी किंवा रंगाविषयी शंका काढली, तर त्या दिवशी चूल पेटवू नये. मुले एक वेळ उपाशी घरी गेली तरी चालेल.

तरीही प्रसंग ओढवलाच, तर जेवण तत्काळ थांबवावे आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. अंगावर विष सांडले असल्यास कपडे उतरवून साबणाने व भरपूर पाण्याने धुवावे. धुणाऱ्याने आपले हात जपावेत. मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नये. दूध वा तूपही देऊ नये. बेशुद्ध मुलास कुशीवर निजवावे. अॅट्रोपीन व प्रॅलिडॉक्झिम ही ह्यावरील औषधे डॉक्टरांनीच द्यावयाची असतात. परंतु विषाचे नाव कळल्यास त्यांचा वेळ वाचतो. यास्तव तो डबा, चिठ्ठी व उरलेले अन्न रुग्णालयात सोबत न्यावे.

रिकामा डबा फोडून वस्तीपासून दूर पुरावा, असे 1971 च्या कीटकनाशक नियमांत सांगितले आहे. पालकसभेत हे सांगताना डबा फोडण्यावर विशेष भर द्यावा. नुसता पुरलेला चांगला डबा कोणीतरी उकरून काढतोच.