हरलेल्या डावाची पुंजी

1855 चा मे महिना. कलकत्त्यात पटावर समोरासमोर बसले होते स्कॉटिश वकील जॉन कॉक्रेन आणि महेशचंद्र बॅनर्जी. कॉक्रेन युरोपातील नामांकित खेळाडूंशी झुंजलेले. महेशचंद्र बंगालच्या ग्रामीण भागातील, देशी रीतीच्या बुद्धिबळात मुरलेले. त्या रीतीत प्यादे पहिल्या चालीतही एकच घर सरकते. त्यामुळे मध्यभागी धाव घेण्याऐवजी बाजूचे प्यादे एक घर पुढे सारून उंटाला लांब तिरपी वाट मोकळी करणे, हा त्यांचा स्वभावच झाला होता.

या डावातही त्यांनी आधी घोडा काढला, मग राजाच्या घोड्यापुढील प्यादे एक घर सरकवले आणि तिसऱ्या चालीला वजिराचे प्यादे पुढे करून पांढऱ्याच्या केंद्राला आव्हान दिले. रचना भक्कम होती. परंतु पुढे राजाभोवतीचा पहारा ढिला पडला. अठराव्या चालीला कॉक्रेन यांच्या घोड्याने राजाच्या उंटापुढील प्यादे टिपले आणि वजिराच्या बलिदानाने होणारी मात अटळ ठरली.

डाव महेशचंद्रांच्या खाती नुकसानीचाच लिहिला गेला. मात्र 1922 मध्ये व्हिएन्नाचे अर्न्स्ट ग्रुनफेल्ड यांनी तीच सुरुवात स्पर्धांत आणली. आज ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. कास्पारोव्ह यांनीही ती विश्वविजेतेपदाच्या लढतींत वापरली. अशा बचावांच्या मोठ्या कुळाला मात्र ‘भारतीय’ हेच नाव राहिले.

एका व्यवहारात तोटा आला म्हणून मूळ पद्धत खोटी ठरत नाही. चूक कोणत्या चालीत झाली, हे तपासणाराच पुंजी राखतो.