गॅरेजमधला माजी राष्ट्राध्यक्ष

नोव्हेंबर 1980च्या निवडणुकीत जिमी कार्टर 50पैकी 44 राज्यांत हरले. पुढच्या जानेवारीत ते जॉर्जियातल्या प्लेन्स या सहा-सातशे वस्तीच्या गावी परतले, तेव्हा 56 वर्षांचे होते. शेंगदाण्याच्या घरच्या व्यवसायावर सुमारे 10 लाख डॉलरचं कर्ज झालं होतं आणि तो विकावा लागणार हे उघड होतं. निरोपाची भेट म्हणून मंत्रिमंडळातले सहकारी आणि व्हाइट हाउसचे कर्मचारी वर्गणी काढून त्यांना जीप देणार होते. त्याची कुणकुण लागताच कार्टर यांनी निरोप धाडला, गाडी नको, सुतारकामाची हत्यारं द्या. मग सीअर्सच्या दुकानातून यंत्रं आणि हत्यारं आली, 1961मध्ये बांधलेल्या त्यांच्या बैठ्या घराचं गॅरेज रिकामं झालं आणि पुढे जवळपास चार दशकं तिथे भुसा उडत राहिला.

आल्या आल्या हाती घेतलेलं काम मात्र फर्निचरचं नव्हतं. वॉशिंग्टनहून आलेली खोकी ठेवायला जागा हवी होती, म्हणून पोटमाळ्यावर फळ्या एकमेकींत बसवून जमीन तयार करायची. जगातल्या सर्वांत बलाढ्य खुर्चीवरून उतरलेला माणूस गुडघ्यांवर बसून खिळे ठोकतोय, हे दृश्य वृत्तपत्रांना करुण वाटण्याजोगंच होतं. कार्टर यांच्या लिखाणातून मात्र त्या कामात दु:खापेक्षा हुरूपच जास्त दिसतो.

हत्यारं सीअर्सचीच का, हे कळायला अमेरिकन गॅरेजचा थोडा इतिहास पाहावा लागतो. दुसऱ्या महायुद्धानंतर सैनिक परतले, शहरांभोवती नव्या वसाहती उभ्या राहिल्या आणि घरटी गॅरेज आलं. 1946मध्ये ब्लॅक अँड डेकरनं घरगुती वापराचं विजेचं ड्रिल बाजारात आणलं. पुढच्याच वर्षी हान्स गोल्डश्मिट यांचं ‘शॉपस्मिथ’ आलं. एकाच मोटरवर लेथ, करवत, ड्रिल आणि घासण्याची तबकडी चालवणारं हे यंत्र छोट्या जागेसाठीच बेतलेलं होतं. सीअर्सचा ‘क्राफ्ट्समन’ हा हत्यारांचा छाप तर 1927पासूनचा. साध्या नोकरदाराला परवडणारा, गावोगावी मिळणारा. शनिवारी गाडी बाहेर काढून गॅरेजमध्ये पुस्तकांचा कप्पा ठोकत बसणं ही मध्यमवर्गीय पुरुषांची ठरलेली हौस होऊन बसली. कार्टर यांचा कारखाना या परंपरेतला अगदी सरधोपट नमुना होता; जगावेगळा होता तो त्याचा मालक.

आणि मालक नवशिका नव्हता. प्लेन्सजवळच्या आर्चरी इथल्या शेतावर वडिलांचं लोहारकाम-सुतारकामाचं खोपट होतं. औतं दुरुस्त करायला गावात कोण जाणार? शाळेत शेतकऱ्यांच्या मुलांसाठी असलेल्या ‘फ्यूचर फार्मर्स ऑफ अमेरिका’ या संघटनेत करवत-रंधा हाताळायचं रीतसर शिक्षण मिळालं. नौदलाच्या नोकरीत हवाईला बदली झाली, तेव्हा तळावरच्या हौशी कारागिरांच्या कारखान्यात त्यांनी बिऱ्हाडासाठी फर्निचर केलं. नंतर शेती, धंदा, राजकारण यांत हात आखडले. राष्ट्राध्यक्ष असताना कॅम्प डेव्हिडच्या सुतारखान्यात मिळेल तेवढा वेळ काढायचा, इतकंच.

अधिकारपदावरच्या कार्टर यांच्यावर एक टीका कायम झाली, ती तपशिलात गुंतत जाण्याची. नौदलाच्या अणुपाणबुडी प्रकल्पात अॅडमिरल रिकोव्हर यांच्या हाताखाली घडलेला हा अभियंता प्रत्येक टिपण स्वतः वाचायचा. देश चालवताना जे खटकलं, ते गॅरेजमध्ये शोभून दिसलं. सांध्यात पोस्टकार्डाच्या जाडीइतकी फट राहिली, तरी कपाटाचं दार कायमचं कुरकुरतं. तिथे तपशिलाचा नाद सोडून कसं चालेल?

1980च्या दशकात त्यांना ओल्या लाकडाच्या खुर्च्यांचं वेड लागलं. आपल्याच जमिनीतलं हिकरीचं झाड तोडायचं, ओंडका करवतीनं न कापता पाचरी ठोकून उभा फोडायचा. असं फोडलं की फाटा धाग्याच्या रेषेतच जातो आणि बारीक दांडीही सहजी मोडत नाही. मग लाकूड धरून ठेवणाऱ्या बाकावर बसायचं आणि दोन मुठींची सुरी अंगाकडे ओढत ते तासायचं. खरी गंमत जोडणीत आहे. आडव्या दांड्या आधी पूर्ण वाळवून घ्यायच्या, पाय मात्र अर्धवट ओले ठेवायचे. वाळकी दांडी ओल्या पायाच्या भोकात ठोकली की ती ओल पिऊन किंचित फुगते. पाय सावकाश वाळत आकसतो आणि तिला आवळून धरतो. खिळा नाही, सरस नाही. बैठक विणायची ती हिकरीच्याच आतल्या सालीच्या पट्ट्यांनी. वसंतात झाडात रस चढतो, तेव्हा ही साल सहज सुटून येते. विजेची यंत्रं हाताशी असताना माजी राष्ट्राध्यक्षांनी अॅपलाचिया डोंगरातल्या गरीब शेतकऱ्यांची ही रीत शिकून घ्यावी, हे या साऱ्या कहाणीतलं सर्वांत लोभस प्रकरण आहे.

त्यांच्या हातून शंभराहून अधिक वस्तू घडल्या. कार्टर दांपत्य ज्यावर झोपे तो चार खांबी पलंग, नातवंडांसाठी पाळणे, टेबलं, कपाटं, बुद्धिबळाचे संच. गावातल्या मॅरानाथा बॅप्टिस्ट चर्चमधला क्रूस आणि दान गोळा करण्याच्या ताटल्याही त्यांनीच केल्या. पुस्तकं लिहिण्याचा सपाटा तर चालूच होता. ती तीसच्या वर गेली. लिखाणाचा कंटाळा आला की अभ्यासिकेतून उठून चार पावलांवरच्या कारखान्यात शिरायचं, असा दिनक्रम बसून गेला.

कलाकृती म्हणून या वस्तू कशा? नीट, भक्कम आणि नमुन्यांच्या बाबतीत बऱ्याचशा उसन्या. जुन्या ग्रामीण अमेरिकन आणि शेकर पंथीयांच्या साध्या रचना ते मन लावून पुन्हा घडवत. स्वतःची शैली असलेला कारागीर कसा असतो हे पाहायचं, तर कार्टर स्वतः ज्यांना आदर्श मानत त्या सॅम मालूफ यांच्याकडे वळावं. तेही गॅरेजमधूनच आलेले! नव्या घरात फर्निचर घ्यायला पैसे नव्हते, म्हणून 1940च्या दशकाअखेरीस कॅलिफोर्नियात गॅरेजमध्ये टाकाऊ प्लायवूडपासून त्यांनी सुरुवात केली. त्यांची वळणदार झुलती खुर्ची पुढे संग्रहालयांत गेली आणि 1985मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. कार्टर यांच्या वस्तूंना कार्टर सेंटरच्या लिलावांत लाखो डॉलर आले, ते अर्थात सांध्यांपेक्षा सहीला. ही गोष्ट त्यांना ठाऊक असणारच. आणि पैसा गिनी वर्मसारख्या रोगांविरुद्ध झटणाऱ्या संस्थेकडे जाणार म्हटल्यावर तक्रार तरी कोण करणार?

गॅरेजमधलं कसब 1984मध्ये घराबाहेर पडलं. ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ या संस्थेच्या स्वयंसेवकांबरोबर जिमी आणि त्यांच्या पत्नी रोझलिन जॉर्जियाहून बसनं न्यूयॉर्कला गेले. तिथल्या लोअर ईस्ट साइड भागात एक पडकी सहा मजली इमारत 19 कुटुंबांसाठी राहण्याजोगी केली. तिथून दरवर्षी आठवडाभर असं बांधकाम करण्याचा प्रघात पडला आणि 2019पर्यंत 14 देशांत मिळून चार हजारांवर घरांना त्यांचे हात लागले.

2006मध्ये हा आठवडा लोणावळ्याजवळ झाला. तिथे 100 घरं उभी करायची होती आणि कार्टर तेव्हा 82 वर्षांचे होते. महाराष्ट्राशी या घराण्याची ओळख त्याच्या कितीतरी आधीची. त्यांच्या आई लिलियन 1966मध्ये, वयाच्या 68व्या वर्षी, पीस कोअरच्या स्वयंसेविका म्हणून मुंबईत आल्या आणि विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीतल्या दवाखान्यात त्यांनी परिचारिकेचं काम केलं. म्हातारपणी हात स्वस्थ न ठेवण्याचं वळण कार्टर यांना कुठून आलं, याचा फार शोध घ्यायला नको.

काळ मात्र गॅरेजच्या बाजूनं राहिला नाही. टीव्हीवर नॉर्म एब्रम यांचा ‘द न्यू यँकी वर्कशॉप’ हा सुतारकामाचा कार्यक्रम 1989पासून 21 हंगाम चालून 2009मध्ये थांबला. 2017मध्ये सीअर्सनं ‘क्राफ्ट्समन’ विकून टाकलं आणि 2018च्या ऑक्टोबरात खुद्द सीअर्सनंच दिवाळखोरीचा अर्ज केला. ‘द क्राफ्ट्समनशिप ऑफ जिमी कार्टर’ हे त्यांच्या कारागिरीवरचं पुस्तक निघालं तेही त्याच वर्षी.

ऑक्टोबर 2019मध्ये, 95 पूर्ण करून आठवडाही झाला नव्हता, तोच कार्टर घरात पडले. कपाळाला 14 टाके पडले. त्याच दिवशी ते नॅशव्हिलला पोचले आणि दुसऱ्या दिवशी काळानिळा डोळा घेऊन घरबांधणीच्या कामाला हजर. हॅबिटॅटबरोबरचा त्यांचा तो अखेरचा मोठा प्रकल्प. रोझलिन 2023च्या नोव्हेंबरात गेल्या, कार्टर 29 डिसेंबर 2024ला, शंभरी ओलांडून. दोघांचं दफन घराच्या आवारातच झालं. ते घर राष्ट्रीय उद्यान सेवेकडे जाईल, अशी व्यवस्था त्यांनी हयातीतच करून ठेवली होती. फर्निचर मात्र एका जागी सापडायचं नाही. काही वस्तू घरच्यांकडे आहेत, काही लिलावात बोली लावणाऱ्यांच्या दिवाणखान्यांत, तर काही गावच्या चर्चमध्ये.