चाहूल, लेखांक ९ : नाव घातलं, पण पोहोचायचं कसं?

गेल्या आठवड्यात आपण सातव्या-आठव्या महिन्यातल्या तपासण्या पाहिल्या. त्यानंतर घरात एकच विषय सुरू होतो : बॅग. नणंद एक यादी पाठवते, मैत्रीण दुसरी, आणि दोन्हींत सोळा-सोळा वस्तू. बॅगेकडे येऊच. पण नायगावात राहणाऱ्या बाईने छत्तिसावा आठवडा लागायच्या आत सोडवायचा प्रश्न निराळा आहे. रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्या, बाहेर जुलैचा पाऊस कोसळतोय, तर निघायचं कशाने आणि कुठल्या रस्त्याने?

नायगावचा नकाशाच अडचणीचा. दक्षिणेला वसईची खाडी, तिच्यावर रेल्वेचा पूल आहे, पण रिक्षा किंवा रुग्णवाहिका जाईल असा रस्ता नाही. भाईंदर म्हणजे पुढचंच स्टेशन. गाडीने जायचं तर मात्र बापाण्याला महामार्ग गाठून वरसावे पुलावरून मोठा वळसा. वसई-भाईंदर रो-रो २०२४च्या फेब्रुवारीपासून गाड्या पलीकडे नेते, पण ती वेळापत्रकाने चालते. लोकल मध्यरात्रीनंतर काही तास बंदच. पूर्वेकडच्या नव्या संकुलांतून जूचंद्र-बापाणे करत बाहेर पडावं लागतं, पश्चिमेकडच्यांना उमेळ्यावरून वसई. आणि पाऊस बिथरला की काय होतं ते जुलै २०१८मध्ये सगळ्या वसईने पाहिलं : रूळ पाण्याखाली, लोकल ठप्प, मिठागरातल्या वस्तीत अडकलेली माणसं.

सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोघींनी १९९४ साली बाळंतपणातल्या मृत्यूंची कारणं शोधताना तीन उशीर सांगितले. दवाखान्यात जायचं हे ठरवायला झालेला उशीर, तिथवर पोहोचायला झालेला उशीर, आणि पोहोचल्यावर उपचार मिळायला झालेला उशीर. जगभरच्या आरोग्यसेवेत आजही याच मांडणीने विचार होतो. बाळाच्या तयारीची एवढी नेमकी यादी मला दुसरी दिसलेली नाही.

पहिला उशीर घरातच होतो. ‘सकाळी बघू’, ‘डॉक्टरांना आत्ता कशाला उठवायचं’, ‘हे नाइट शिफ्टवरून येऊ देत’. म्हणून निघायचं कधी हे आधी ठरलेलं हवं. नवव्या महिन्यात पोट मधूनच घट्ट होतं, चाललं किंवा कूस बदलली की सैल पडतं. या कच्च्या कळा. खऱ्या कळा विश्रांतीने थांबत नाहीत, कंबरेतून पुढे येतात आणि त्यांच्यातलं अंतर कमी होत जातं. पहिलटकरणीला साधारणपणे सांगतात की, दर पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणारी कळ तासभर येत राहिली की निघा. हे गणित दवाखाना दोन चौकांवर असलेल्यांचं आहे. नायगावकरांनी डॉक्टरांना आपला पत्ता सांगून हे अंतर वाढवून घ्यावं, आणि दुसरं बाळंतपण असेल तर आणखी लवकर निघावं, कारण ते भराभर पुढे सरकतं. कळांची वेळ नवऱ्याने मोबाइलवर लिहून ठेवावी. ज्याला कळ येत नाही त्यालाच घड्याळाकडे बघता येतं.

काही बाबतींत कळांची वाट बघायचीच नाही. पाणी गेलं, मग दुखत असो वा नसो. ते हिरवट किंवा तपकिरी दिसलं तर बाळाने पोटातच शी केलेली असू शकते. अंगावरून रक्त जाणं. डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधुक होणं, चेहरा आणि हात सुजणं. यामागे रक्तदाब असू शकतो. आणि बाळाची हालचाल मंदावणं. जेवून डाव्या कुशीवर पडावं आणि हालचाली मोजाव्यात. दोन तासांत दहा भरल्या नाहीत तर दवाखान्यात जावं. ‘बाळ झोपलं असेल’ म्हणून रात्र काढू नये.

दुसरा उशीर रस्त्यावरचा. १०८ आणि १०२ हे दोन्ही आकडे फोनमध्ये हवेतच. १०२ खास गरोदर माता आणि तान्ह्यांसाठी आहे. पण त्याखाली संकुलातल्या किंवा नाक्यावरच्या दोन रिक्षावाल्यांचे नंबर असू द्या, आणि ‘रात्री याल का’ हे त्यांना आधी विचारा. चौथ्या-पाचव्या मजल्यावर राहत असाल तर वीज गेल्यावर लिफ्टचं काय होतं ते वॉचमनला विचारून ठेवा; जनरेटर नसेल तर प्लॅस्टिकची दणकट खुर्ची आणि ती धरायला दोन शेजारी. तपासणीला दिवसा लोकलने जाताना दिव्यांगांच्या डब्यात बसायला गरोदर बाईला परवानगी आहे. ऐन गर्दीत महिला डब्यात चेंगरून घेण्याचं कारण नाही.

पाणजूकरांची गोष्ट याहून कठीण. हे बेट खाडीतच, नायगावाशी व्यवहार होडीने. पाणजूच्या बाईने शेवटचे दोन आठवडे नायगाव-वसईच्या नातलगांकडे काढणं मला शहाणपणाचं वाटतं. पालघर जिल्ह्याच्या डोंगराळ भागात, जव्हार-मोखाड्याकडे, बाईला झोळीत घालून आणावं लागल्याच्या बातम्या येत राहतात. तशा आदिवासी भागांसाठी काही आरोग्य केंद्रांना जोडून सरकारने ‘माहेरघर’ काढलं, तेही याच विचाराने : कळा सुरू व्हायच्या आधीच बाईने दवाखान्याजवळ येऊन राहायचं.

तिसरा उशीर दवाखान्यातला, आणि त्याबद्दल विचारायला आपण सर्वांत जास्त लाजतो. ‘नाव घातलंय’ एवढ्यावर भागत नाही. वसईचं पेटिट रुग्णालय असो, बंगलीचं कार्डिनल ग्रेशस असो की स्टेशनजवळचं नर्सिंग होम, प्रश्न तेच : रात्री भूल देणारे डॉक्टर किती वेळात येतात? रक्त कुठून आणावं लागतं? कमी दिवसांच्या बाळासाठी अतिदक्षता विभाग आहे का, नसेल तर पुढे कुठे पाठवता? पुढे म्हणजे बहुधा मुंबई, म्हणजे पुन्हा तोच महामार्ग. तुमचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनचं आधीच बोलून ठेवा. बाळ पॉझिटिव्ह निघालं तर ते ७२ तासांत द्यावं लागतं.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत चिपळूण किंवा जळगावचं माहेर असलेल्यांना महागात पडू शकते. जायचंच तर चौतिसाव्या आठवड्याच्या आत, डॉक्टरांना विचारून, सगळी फाइल आणि माता-बाल संरक्षण कार्ड घेऊन जा आणि गेल्या गेल्या तिथे नाव घाला. अलीकडे बऱ्याच घरी आईच इकडे येते. मग एका बेडरूममध्ये चार माणसं आणि टँकरचं पाणी. तान्ह्याचे दिवसाला दहा-बारा लंगोट सहज होतात. टँकर कोणत्या दिवशी येतो ते बघून जादा पिंप भरून ठेवणं ही पाळण्याइतकीच खरी तयारी आहे.

आता बॅग. छत्तिसाव्या आठवड्यात ती भरून दाराशी ठेवा, कारण सांगितलेल्या तारखेलाच जन्मणारी बाळं शंभरात चार-पाच. फाइल, आधार कार्ड, पुढून उघडणारे दोन गाऊन, पॅड, फोनचा चार्जर. बाळासाठी मऊ, धुतलेली जुनी सुती झबली, टोपडी, दुपटी. बाकी सगळं मागून आणता येतं.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसणार. आत्याच्या पेटीतून निघालेली कुंची आणि दुपटी प्रेमाने येतात, आणि त्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास असतो. त्या गोळ्यांतलं नॅफ्थलीन काही बाळांना घातक ठरतं. ‘जी-सिक्स-पीडी’ हे विकर ज्यांच्या रक्तात कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी त्याने फुटतात आणि कावीळ झपाट्याने चढते. ही कमतरता मुलग्यांत जास्त आढळते आणि जन्मताना दिसून येत नाही. असे कपडे पहिल्या महिन्यात बाळाला घालूच नका. बारशाच्या फोटोसाठीसुद्धा नाही. बंद खोलीतल्या शेगडीलाही माझा तितकाच विरोध आहे. शेक द्यायचा तर गरम पाण्याच्या पिशवीने द्या.

पैशांचं थोडक्यात. सरकारी दवाखान्यात २०११पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली प्रसूती, सिझेरियनसुद्धा, औषधं, रक्त आणि घरी सोडणारी गाडी मोफत आहे. मातृ वंदना योजनेत पात्र बाईला पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात. दुसरी मुलगी झाली तर ६,०००. अर्ज अंगणवाडी सेविका किंवा आशाताई भरून देतात. वालीव-गोखिवऱ्याच्या गाळ्यांत नोकरी करणाऱ्यांनी ईएसआयचं कार्ड चालू आहे ना ते आत्ताच तपासावं. पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे भरपगारी रजा आहे, त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे आधी घेता येतात. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते. बाळाचं नाव ठरलं नसलं तरी चालतं, ते वर्षभरात बिनशुल्क घालता येतं. आई-बापाच्या नावांचं स्पेलिंग मात्र दवाखान्यातला फॉर्म भरतानाच आधारशी ताडून पाहा.

पुढच्या आठवड्यात : पहिला तास, चीक आणि मधाचं बोट.