पालघर-बोईसर : पहिली सदनिका, मग जमीन

तारापूर औद्योगिक वसाहतीतील कामगारांमुळे बोईसरमध्ये भाड्याच्या घरांना मागणी असते आणि २०१३ पासून उपनगरी गाड्या डहाणू रोडपर्यंत धावत असल्याने मुंबईशी ये-जाही होते. म्हणून डहाणूजवळ होऊ घातलेल्या वाढवण बंदराच्या चर्चेने हुरळून जमिनीत उडी घेण्यापेक्षा महारेरा या राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे नोंदलेल्या प्रकल्पातील छोटी सदनिका घेणे, तिचे भाडे, देखभाल व कर्जाचा हप्ता यांचा मेळ वर्षभर पाहणे आणि मगच पुढे जाणे नवख्या गुंतवणूकदारास हितावह ठरते. सदनिका भाड्याने देताना ‘लीव्ह अँड लायसन्स’, म्हणजे मालकी न देता राहण्याची मुभा देणारा करार, नोंदणीकृत असणे कायद्याने बंधनकारक आहे.

जमिनीकडे वळताना सातबारा, म्हणजे मालकी, इतर हक्क व पिके दर्शवणारा उतारा, आणि मालकी कशी बदलत गेली हे सांगणारे फेरफार बारकाईने वाचावे लागतात. ‘इतर हक्क’ हा रकाना विशेष महत्त्वाचा आहे, कारण विक्रीवरील निर्बंधांची नोंद तेथे असते: जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अ नुसार आदिवासींची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय बिगर-आदिवासीस विकता येत नाही, आणि हे संरक्षण पालघर जिल्ह्यात न्याय्यच आहे. शेतकरी नसलेल्यास शेतजमीनही सहसा घेता येत नाही. त्यामुळे ‘लवकरच बिनशेती होईल’ या तोंडी आश्वासनावर बयाणा देऊ नये.