भिंतींचा रंग : उबदार की शीतल?

नव्या घराचा ताबा मिळाला, गृहकर्जाचे हप्ते सुरू झाले, की कुटुंबात पहिला मतभेद होतो तो बहुधा भिंतींच्या रंगावरून. एकाला बदामी वा मलई छटा हवी असते, दुसऱ्याला आकाशी निळी. प्रश्न केवळ आवडीचा नाही. रंगकामाच्या खर्चात मजुरीचा वाटा मोठा असतो आणि छटा चुकली तर तोच खर्च पुन्हा करावा लागतो.

भिंतीचा रंग तिच्यावर पडणाऱ्या प्रकाशावर अवलंबून असतो. आपल्याकडे उत्तरेच्या खिडकीतून वर्षाचा बराच काळ थेट ऊन येत नाही. येतो तो आकाशाचा निळसर उजेड. अशा खोलीत निळा रंग करडा व उदास भासतो. तेथे बदामी छटा समतोल साधते. पश्चिमेच्या खोलीत दुपारनंतर सोनेरी ऊन भरते. तेथे मलई रंग पिवळाजर्द दिसू लागतो, तर फिकट निळा डोळ्यांना निववतो. मात्र निळ्या रंगाने खोलीचे तापमान उतरत नाही. सौम्य होते ती उष्म्याची जाणीव.

रात्रीचा हिशेब वेगळा. सुमारे २७०० केल्व्हिनचा पिवळसर दिवा निळ्या रंगाला मळकट करतो, तर ६५०० केल्व्हिनचा पांढरा दिवा बदामीतील ऊब हिरावून घेतो.

शेजारचे रंगही एकमेकांवर परिणाम करतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी १८३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हे तत्त्व विशद केले. त्यामुळेच तांबूस सागवानी कपाटाशेजारी निळी भिंत अधिकच निळी दिसते.

वयपरत्वे डोळ्यातील भिंग पिवळसर होते आणि निळ्या छटांमधील भेद ओळखणे कठीण जाते. म्हणून ज्येष्ठांच्या खोलीत निळा रंग दिल्यास दाराची चौकट व विजेची बटणे भिंतीहून स्पष्ट वेगळी दिसतील, असे पाहावे.

शेडकार्डावरील इवल्याशा चौकोनावर विसंबू नये. दोन्ही छटांचे छोटे डबे आणून भिंतीवर दोन-दोन फुटांचे चौकोन दोन हात देऊन रंगवावेत. ते पूर्ण वाळल्यावर सकाळी, दुपारी आणि दिवे लावल्यानंतर पाहावेत. संपूर्ण भिंतीवर छटा गडद भासते. म्हणून शंका असल्यास एक पायरी फिकट घ्यावी.

दोन दिवसांचा हा धीर, पुढे अनेक वर्षे ज्या भिंतींकडे पाहायचे आहे त्यांच्यासाठी मुळीच अधिक नाही.